‘स्मॅप’ मंडळींचीं अठ्ठावीस वर्षें

सन 2016 च्या जानेवारी महिन्याची 18 तारीख, सोमवारची रात्र. जपानांतील लक्षावधि कुटुंबें नित्याप्रमाणें दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर बसलीं होतीं. या वारीं, या वेळीं लागणाऱ्या कार्यक्रमांत थट्टामस्करी, पाहुण्याची मेजवानी आणि शेवटीं गाणें असा वीस वर्षांचा परिपाठ होता. परंतु त्या रात्रीं निराळाच देखावा लोकांच्या दृष्टीस पडला. काळसर पोषाख केलेले पांच पुरुष एका रांगेंत उभे होते. चेहरे उतरलेले, नजर स्थिर. एकामागून एक प्रत्येकानें चार-दोन वाक्यें उच्चारलीं, आपल्यामुळें सर्वांस चिंता व त्रास झाला याबद्दल क्षमा मागितली, आणि मग पांचही जण कमरेंत खोल लवले. टोकियोच्या परिसरांतील शेंकडा 31 हून अधिक घरांनीं त्या रात्रीं हा कार्यक्रम पाहिला.

हे पांच जण कोण, त्यांचा अपराध कोणता, आणि ते नेमकी कोणाची क्षमा मागत होते, हें आज वाचकांस सांगावें असा आमचा मानस आहे.

विषय ऐकून आमच्या कित्येक वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. गाणाऱ्या-नाचणाऱ्या पोरांची कथा ती काय सांगावयाची! परंतु हल्लीं आपल्याच घरांतील मुलींच्या तोंडीं कोरियांतील अशा मंडळींचीं नांवें किती सराईतपणें येतात हें ज्यांनीं ऐकलें आहे, ते आम्हांस दोष देणार नाहींत. कोवळ्या वयाचे मुलगे निवडावयाचे, त्यांस वर्षानुवर्षें गाण्यानाचण्याचें शिक्षण द्यावयाचें, आणि मग त्यांची मंडळी बांधून लोकांपुढें उभी करावयाची, ही प्रथा कोरियाच्या आधीं जपानांत रुजली. आणि तिचें तेज व तिचा अंधार हीं दोन्ही ‘स्मॅप’ या एका मंडळीच्या चरित्रांत एकत्र पाहावयास मिळतात.

या प्रथेचा प्रवर्तक जॉनी किटागावा नांवाचा गृहस्थ. त्याचा जन्म 1931 सालीं अमेरिकेंत, लॉस एंजल्स शहरीं झाला; वडील तेथील एका बौद्ध मंदिराचे पुरोहित होते. पुढें टोकियोंत राहत असतां तो आसपासच्या मुलांस जमवून बेसबॉल शिकवीत असे. ‘वेस्ट साइड स्टोरी’ हा अमेरिकन संगीतपट पाहून या मुलांचें मन खेळाकडून नाचाकडे वळलें, आणि त्यांतील चौघांची पहिली मंडळी निघाली, अशी त्या घराण्याची उत्पत्तिकथा सांगतात. 1962 सालीं त्यानें आपली संस्था स्थापिली. तींत प्रवेश फक्त मुलग्यांस. दहा-बारा वर्षांचा पोर आला कीं त्यानें शाळा सांभाळून नाच शिकावयाचा आणि थोरल्या मंडळींच्या पाठीमागें उभें राहून त्यांच्या गाण्यास साथ करावयाची. त्यांतून कोणास केव्हां पुढें काढावयाचें, कोणाची कोणाशीं जोडी घालावयाची, नांव कोणतें द्यावयाचें, हें सारें किटागावा ठरवी. जुन्या नाटकमंडळींतून बालनट जसे मालकाच्या घरीं वाढत, तसाच कांहींसा हा प्रकार. भेद इतकाच कीं, येथें मालकाच्या एका शब्दावर साऱ्या देशाच्या दूरचित्रवाणीचें दार उघडे किंवा मिटे.

सन 1988 च्या सुमारास या संस्थेची ‘हिकारु गेंजी’ ही मंडळी पायांस चाकें लावून रंगभूमीभर घसरत गात असे आणि देशभर तिचा डंका वाजत होता. तिच्यामागें नाचणाऱ्या पोरांच्या घोळक्यांतून त्या वर्षाच्या एप्रिलांत सहा जण निवडण्यांत आले. नाकाइ मासाहिरो आणि किमुरा ताकुया हे दोघे पंधरा वर्षांचे. इनागाकी गोरो व मोरी कात्सुयुकी चौदांचे. कुसानागी त्सुयोशी तेरांचा. आणि कातोरी शिंगो अवघा अकरांचा. (जपानी रीतीप्रमाणें आम्हीं आडनांव आधीं दिलें आहे.) ‘स्पोर्ट्स म्यूझिक असेंबल पीपल’ या चार इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें जुळवून त्यांचें नांव ठेविलें ‘स्मॅप’. इंग्रजी व्याकरणास या नांवाचा अन्वय लावतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. पण नांव ठेवणारास त्याची फिकीर नव्हती, आणि पुढें जपानी जनतेसही ती वाटली नाहीं.

आरंभ मात्र अपयशाचा झाला. 1991 च्या सप्टेंबरांत त्यांची पहिली तबकडी निघाली. विक्रीच्या यादींत ती दुसऱ्या क्रमांकावर थांबली. दुसरा क्रमांक हें अपयश कसें, असें वाचक विचारतील. परंतु ज्या घराण्यांतील थोरल्या भावांच्या पहिल्याच तबकडीनें पहिलें स्थान पटकाविलें होतें, त्या घराण्यांत दुसरें येणें म्हणजे नापास होण्यासारखेंच. पहिलें स्थान मिळण्यास 1994 चा मार्च उजाडावा लागला, आणि तेंही बाराव्या तबकडीस. त्या गाण्याचें नांव मोठें मौजेचें होतें. ओसाकाचे दुकानदार गिऱ्हाइकास ‘आभारी आहों, असेच येत जा’ म्हणून ज्या बोलींत निरोप देतात, तेच ते शब्द.

या दिरंगाईचें कारण मुलांत नव्हतें, काळांत होतें. ज्या साप्ताहिक गायनकार्यक्रमांच्या आधारानें आजवर असे तरुण गायक लोकांच्या घरांत शिरत, ते कार्यक्रमच एकामागून एक बंद पडले होते. ‘द बेस्ट टेन’ हा त्यांतील सर्वांत लोकप्रिय कार्यक्रम 1989 च्या सप्टेंबरांत संपला. नटूनथटून गाणाऱ्या राजपुत्रांस आतां कोणी विचारीना. रंगभूमी बांधून तयार, नट तयार, आणि नाटकगृहासच टाळें, अशी या सहा जणांची अवस्था झाली.

अशा वेळीं त्या संस्थेच्या कचेरींत साध्या कामावर लागलेल्या एका स्त्रीनें त्यांची व्यवस्था आपल्या हातीं घेतली. वरिष्ठांचें या मुलांकडे फारसें लक्ष नव्हतें. कदाचित् म्हणूनच तिला मोकळीक मिळाली. गाण्यास जागा नाहीं ना, मग प्रहसनें करा, असा मार्ग तिनें काढला. तोंडास रंग फासून, वेडेवांकडे वेष करून, चिखलांत लोळून लोकांस हंसविण्याचें काम या देखण्या पोरांनीं पत्करलें. त्यापूर्वीं त्या घराण्यांतील कोणी असें करणें म्हणजे अब्रह्मण्यम्! नाकाइ हा तर गाण्यांत कच्चा. मंडळीचा नायकच बेसूर, ही गोष्ट लपविण्याऐवजीं तो स्वतःच तिची थट्टा करूं लागला, आणि लोकांस तो त्यामुळें अधिकच आपला वाटला. चमचमणारे पोषाख जाऊन साधे, रस्त्यावरील तरुणांसारखे कपडे आले. देवघरांतील मूर्ति ओसरीवर येऊन बसावी तसें हें झालें. पुढें जपानांत ज्या ज्या मंडळी निघाल्या त्या सर्वांस हंसविणें, सूत्रसंचालन, नाट्य हीं सारीं अंगें यावीं लागलीं, याचें मूळ या काळांतील अडचणींत आहे.

सन 1996 हें त्यांच्या भाग्याचें आणि पहिल्या वियोगाचें वर्ष. एप्रिलांत सोमवारीं रात्रीं दहा वाजतां ‘स्मॅप आणि स्मॅप’ हा त्यांच्या स्वतःच्या नांवाचा कार्यक्रम फुजि वाहिनीवर सुरू झाला. त्याच महिन्यांत, त्याच वारीं, त्याच्या आधींच्या तासास किमुराची ‘लाँग व्हेकेशन’ ही नाट्यमालिका लागली. तीत तो एका होतकरू पण अपयशी पियानोवादकाचें काम करी. तिच्या शेवटच्या भागास टोकियो परिसरांत शेंकडा 36 हून अधिक घरांची उपस्थिति होती. सोमवारीं रात्रीं रस्त्यांतून कचेऱ्यांतील मुली दिसेनाशा होतात, असें त्या दिवसांत गमतीनें म्हणत.

आणि याच सुमारास मोरी कात्सुयुकी मंडळी सोडून गेला. त्यास मोटारसायकलच्या शर्यतींचें लहानपणापासून वेड. जपानांत ‘ऑटो रेस’ म्हणून सरकारमान्य शर्यती होतात. त्यांतील गाड्यांस ब्रेक नसतो, हें वाचून आमच्या वाचकांतील मातांच्या छातींत धस्स होईल. या शर्यतींच्या शिक्षणसंस्थेंत प्रवेश मिळाला तेव्हां मोरी बावीस वर्षांचा होता. कीर्ति नुकती दारांत येऊन उभी राहिली असतां तिच्याकडे पाठ करून तो परीक्षा देऊन विद्यार्थी झाला. निघतांना त्यानें सोबत्यांस वचन दिलें कीं, जपानांतील पहिला शर्यतपटु होईन. त्यानंतर पुष्कळ वर्षें दूरचित्रवाणीवर त्याचें नांव क्वचितच कोणी उच्चारी. मंडळीच्या इतिहासांतून सहावा माणूस जणुं पुसून टाकिला गेला. घर सोडून जाणारास त्या घरीं अशी शिक्षा होती. याची आठवण वाचकांनीं ठेवावी, कारण पुढें तिचा उपयोग आहे.

उरलेल्या पांचांचा सोमवारचा कार्यक्रम वीस वर्षांहून अधिक काळ चालला. त्याचें मुख्य आकर्षण काय, तर स्वयंपाक! ‘बिस्त्रो स्मॅप’ या भागांत नाकाइ खाणावळीचा मालक होई. येणाऱ्या पाहुण्यास तो विचारी, आज काय खाल? येथें पदार्थांची यादी नाहीं. पाहुणा जें मागेल तें मिळावयाचें. मग उरलेले चौघे दोन-दोनांच्या जोड्या करून पाहुण्यादेखत तो पदार्थ रांधीत, आणि पाहुण्यानें दोन्ही पानांची चव घेऊन निवाडा करावयाचा. नट-नटी, खेळाडू, परदेशांतील प्रसिद्ध कलावंत, सर्वांनीं या टेबलावर हजेरी लाविली. सभ्य पुरुषानें स्वयंपाकघरांत पाऊल टाकूं नये अशी जपानांत जुनी म्हण आहे. त्या देशांत पांच सुप्रसिद्ध तरुण दर आठवड्यास कांदा चिरीत आहेत, मासा साफ करीत आहेत आणि चव बिघडली तर माना खालीं घालीत आहेत, हा देखावा गृहिणींस किती भावला असेल याची कल्पना आमच्या भगिनींस सहज येईल. त्या पाककृतींचीं पुस्तकें निघालीं व तीं हातोहात खपलीं. आम्हांस तर वाटतें कीं, गाण्यांनीं हे पांच जण तरुण मुलींचे झाले; पण आईबापांचे आणि आजीचे झाले ते या चुलीपाशीं.

प्रत्येकाचा स्वतंत्र मार्गही होता. नाकाइ सूत्रसंचालक म्हणून नांवाजला. वर्षाच्या शेवटच्या रात्रीं सारें जपान ज्या ‘कोहाकु’ गायनसमारंभापुढें बसतें, त्यांतील श्वेत पक्षाचें सूत्रसंचालन 1997 सालीं वयाच्या पंचविसाव्या वर्षीं त्याच्याकडे आलें. किमुराच्या 2001 सालच्या ‘हीरो’ या मालिकेचा प्रत्येक भाग शेंकडा 30 हून अधिक घरांनीं पाहिला. वाँग कार-वाइ या हाँगकाँगच्या दिग्दर्शकाच्या ‘2046’ या चित्रपटांतही तो होता. कातोरीनें 2004 सालीं ‘शिन्सेन्गुमी’ या ऐतिहासिक मालिकेंत कोंदो इसामी या सामुराईची भूमिका वर्षभर केली. इनागाकीनें ‘तेरा मारेकरी’ या 2010 च्या चित्रपटांत एक असा क्रूर सरदार रंगविला कीं सोमवारचा हाच का तो सौम्य इसम, असा प्रश्न पडावा. कुसानागी स्वतःच्या हौसेनें कोरियन भाषा शिकला, आपल्या नांवाचीं चित्राक्षरें कोरियन रीतीनें वाचून ‘चोनान कान’ या नांवानें कार्यक्रम करूं लागला, आणि 2004 च्या ‘हॉटेल व्हीनस’ या चित्रपटांत कोरियन भाषेंतच बोलला. त्या दोन देशांतील जुनें वैमनस्य ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या लहानशा गोष्टीचें मोल कळेल.

अशा गायकांनीं लग्न करूं नये, किमानपक्षीं लोकांस कळूं देऊं नये, हा त्या धंद्यांतील अलिखित दंडक. किमुरानें तो मोडला. 2000 सालच्या नोव्हेंबरांत त्यानें आपला विवाह व होऊं घातलेलें पितृत्व पत्रकारांसमोर उभें राहून जाहीर केलें. त्याची लोकप्रियता ओसरेल असें भाकीत होतें. ‘हीरो’ लागली ती त्यानंतर दोनच महिन्यांनीं.

चुकाही झाल्या. 2001 च्या ऑगस्टांत वाहन उभें करण्याच्या क्षुल्लक कारणावरून पोलिसांशीं प्रसंग होऊन इनागाकीस अटक झाली व तो कांहीं महिने पडद्याआड राहिला. 2009 च्या एप्रिलांत कुसानागी मद्याच्या अमलाखालीं मध्यरात्रीं एका बागेंत विवस्त्र सांपडला. तो त्या वेळीं दूरचित्रवाणीच्या नव्या प्रसारणपद्धतीचा सरकारी प्रचारक होता. संबंधित मंत्र्यानें संतापून त्याच्याविषयीं इतके कठोर शब्द काढले कीं, लोकांनीं मंत्र्यासच फैलावर घेतलें व मंत्र्यास ते शब्द मागें घ्यावे लागले. दोन्ही वेळीं उरलेल्या चौघांनीं सोबत्याची जागा मोकळी ठेविली, त्याच्या वतीनें मान लवविली, आणि तो परत आल्यावर त्याची थट्टा करून त्यास पुनः आपल्यांत ओढून घेतलें. जपानी प्रेक्षकांस ही मंडळी कुटुंबासारखी वाटे याचें कारण हेंच असावें. अकरा वर्षांचा पोर त्यांच्या डोळ्यांदेखत चाळिशीस आला होता.

त्यांच्या गाण्यांपैकीं एकाविषयीं लिहिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. ‘जगांतील एकुलतें एक फूल’ हें तें गाणें. तें माकिहारा नोरियुकी या कवि-गायकानें रचलें. आधीं 2002 सालच्या एका संग्रहांत तें इतर गाण्यांत होतें. कुसानागीच्या एका मालिकेस शीर्षकगीत म्हणून घेतलें गेलें, आणि 2003 च्या मार्चांत त्याची स्वतंत्र तबकडी निघाली. फुलवाल्याच्या दुकानांत मांडलेलीं फुलें एकमेकांशीं चढाओढ करीत नाहींत. मग माणसांनींच पहिल्या क्रमांकासाठीं कां झुरावें? प्रत्येकजण आपल्या जातीचें एकमेव बीज आहे, तें फुलविणें पुरे, असा त्याचा आशय. शाळेच्या परीक्षांत, प्रवेशांत, नोकरींत ज्या समाजास क्रमांकाशिवाय दुसरें कांहीं सुचत नाहीं, त्या समाजानें या गाण्याच्या वीस लाखांहून अधिक तबकड्या विकत घेतल्या. शाळकरी मुलें तें वर्गांत गाऊं लागलीं. पहिला क्रमांक मिळविण्यासाठीं अडीच वर्षें वाट पाहिलेल्या मंडळीच्या तोंडीं तें शोभलेंही.

2011 च्या 11 मार्च रोजीं ईशान्य जपानांत महाभूकंप झाला व समुद्र चढून आला. दहा दिवसांनीं, 21 तारखेस, या पांचांनीं आपला कार्यक्रम प्रत्यक्ष त्या क्षणीं घडेल तसा प्रसारित केला. चूल पेटली नाहीं, वेष नाहींत, केवळ गाणीं आणि प्रेक्षकांशीं बोलणें. त्या दिवसापासून कार्यक्रमाच्या शेवटीं आपद्ग्रस्तांसाठीं मदतीची विनंति करण्याचा त्यांनीं नेम धरला, आणि इतर सर्वांस त्या संकटाचा विसर पडत चालला तरी तो कार्यक्रम संपेपर्यंत मोडला नाहीं. त्याच वर्षीं सप्टेंबरांत चीनमध्यें बीजिंग येथें त्यांची मैफल झाली. इतक्या मोठ्या मंडळीची स्वदेशाबाहेरील ती पहिली मैफल होती.

2014 च्या जुलैंत सत्तावीस तास अखंड चालणाऱ्या एका कार्यक्रमाची धुरा या पांचांवर होती. त्यांत अवचित मोरी कात्सुयुकीचें पत्र वाचून दाखविण्यांत आलें. अठरा वर्षांनीं सहावें नांव पुनः त्यांच्या पंक्तींत बसलें. पांचही जणांस अश्रु आवरले नाहींत. शेवटीं ते थकलेल्या पायांनीं जवळजवळ पाऊण तास न थांबता नाचले व गायले. वयें चाळिशीचीं, श्वास पुरत नाहीं, पावलें चुकताहेत, आणि प्रेक्षक मात्र उठत नाहींत.

दीड वर्षानें सारें विसकटलें.

मूळ कलह या पांचांचा नव्हता; तो वाड्यांतला होता. संस्थेचा कारभार किटागावाची थोरली बहीण पाही, आणि तिच्यामागून तिच्या मुलीकडे तो जावयाचा होता. इकडे ‘स्मॅप’ मंडळीस नांवारूपास आणणाऱ्या त्या व्यवस्थापिकेचें वजन वाढलें होतें. 2015 च्या जानेवारींत एका साप्ताहिकाच्या बातमीदारासमोरच मालकीणबाईंनीं तिला बोलावून घेऊन खडसाविलें, आणि वेगळें व्हावयाचें असेल तर आपली मंडळी घेऊन चालती हो, अशा अर्थाचें सुनाविलें. वर्षभरानें ती संस्था सोडून निघाली. तिच्याबरोबर चौघे जाणार, किमुरा मात्र राहणार, अशी बातमी 2016 च्या 13 जानेवारीस फुटली. आणि पांच दिवसांनीं, या लेखाच्या आरंभीं वर्णिलेला तो देखावा घडला.

त्या रात्रीं किमुरा मध्यभागीं उभा होता, आणि चौघे त्याच्या दोन्ही बाजूंस. कुसानागी जें बोलला तें लोकांच्या विशेष लक्षांत राहिलें: जॉनी-सान यांची क्षमा मागण्याची संधि किमुरानें आम्हांस मिळवून दिली, म्हणून आज आम्ही येथें उभे आहों, असा त्याचा आशय होता. म्हणजे क्षमा दिसावयास प्रेक्षकांची, पण मागावयाची ती मालकाची! ज्यांनीं कोणाचें कांहीं चोरलें नव्हतें, कोणास फसविलें नव्हतें, ज्यांनीं फार तर घर बदलण्याचा विचार केला होता, अशा चाळिशीच्या माणसांस साऱ्या राष्ट्रादेखत पोरांप्रमाणें उभें करण्यांत आलें. पाहणारांपैकीं पुष्कळांस गहिंवर येण्याऐवजीं भय वाटलें. मोरीच्या वेळीं जी शिक्षा मौनानें दिली गेली, ती या वेळीं दिव्यांच्या झगमगाटांत दिली गेली, असें आमचें मत आहे.

अशा सांधणीनें भांडें टिकत नसतें. 14 ऑगस्टच्या रात्रीं, ऑलिंपिक सामन्यांच्या गलबल्यांत, वृत्तपत्रांकडे एक लेखी निवेदन आलें: वर्षअखेर मंडळी विसर्जित होणार. पत्रकारांची सभा नाहीं, निरोपाची मैफल नाहीं. प्रेक्षकांनीं मात्र आपल्यापरी निरोप दिला. विसर्जन होऊं नये म्हणून साडेतीन लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज गेला. तेरा हजारांहून अधिक लोकांनीं वर्गणी काढून 30 डिसेंबरच्या ‘आसाहि’ वृत्तपत्रांत पानेंच्या पानें विकत घेतलीं व त्यांवर आभाराचे शब्द छापले. तेरा वर्षांपूर्वींच्या त्या फुलाच्या गाण्याची तबकडी, जी बहुतेकांच्या घरांत आधींच होती, ती पुनः पुनः विकत घेऊन लोकांनीं तिचा खप तीस लाखांपलीकडे नेला. 26 डिसेंबरला शेवटचा कार्यक्रम झाला. त्याच्या अखेरीस पांचांनीं तेंच गाणें म्हटलें. गाणें संपल्यावर नाकाइ प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहिला व डोळे पुसूं लागला. पडदा पडला. ‘कोहाकु’ समारंभाचें निमंत्रण त्यांनीं नाकारलें होतें; 31 डिसेंबरच्या मध्यरात्रीं ‘स्मॅप’ हें नांव मिटलें.

2017 च्या सप्टेंबरांत इनागाकी, कुसानागी व कातोरी यांनीं ती संस्था सोडली आणि ‘आताराशी चिझु’, म्हणजे ‘नवा नकाशा’, या नांवाखालीं एकत्र काम आरंभिलें. इंग्रजींत नकाशास ‘मॅप’ म्हणतात. ‘स्मॅप’मधील पहिलें अक्षर गाळलें कीं तोच शब्द उरतो. जुनें नांव घेण्यास मोकळीक नसतां तें उच्चारावयाचें कसें, याचें हें उत्तर आम्हांस मोठें चतुर वाटलें. परंतु दूरचित्रवाणीवरील त्यांचे चालू कार्यक्रम एकामागून एक संपले. 2019 च्या जुलैंत जपान सरकारच्या व्यापारस्पर्धेवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळानें त्या संस्थेस ताकीद दिली कीं, या तिघांस काम देऊं नये म्हणून वाहिन्यांवर दडपण आणलें गेल्यास तो कायद्याचा भंग ठरूं शकेल. आपण दडपण आणलें नाहीं, असें संस्थेनें सांगितलें. कुसानागीस ‘मिडनाइट स्वॉन’ या चित्रपटाबद्दल 2021 सालीं जपान अकादमीचें उत्कृष्ट नटाचें पारितोषिक मिळालें.

ज्याच्यापुढें माना लवल्या होत्या, तो किटागावा 2019 च्या जुलैंत, वयाच्या 87 व्या वर्षीं वारला. त्याच्याविषयीं पुढें जें उघड झालें तें आमच्या मासिकांत लिहितांना लेखणी अडखळते, परंतु गाळणें हें अप्रामाणिकपणाचें होईल. आश्रयास आलेल्या अल्पवयी मुलग्यांवर त्यानें वर्षानुवर्षें लैंगिक अत्याचार केले. ही गोष्ट अगदींच अज्ञात होती असेंही नाहीं. एका साप्ताहिकानें 1999 सालीं तिला वाचा फोडली होती, आणि त्या लेखांतील अत्याचारासंबंधींचा मुख्य भाग खरा असल्याचें टोकियोच्या उच्च न्यायालयानें 2003 सालीं मानलें होतें; पुढच्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम ठेविला. तरीही मोठीं वृत्तपत्रें व वाहिन्या जवळजवळ गप्प राहिल्या, कारण त्या घराण्याशीं वांकडें घेणें त्यांस परवडणारें नव्हतें. 2023 च्या मार्चांत इंग्लंडच्या बी. बी. सी. नें यावर माहितीपट दाखविला, पीडित पुरुष पुढें येऊन बोलूं लागले, आणि 7 सप्टेंबर रोजीं संस्थेनें अपराध कबूल केला. संस्थापकाचें नांव पाटीवरून उतरलें. जुनी संस्था पीडितांस भरपाई देण्यापुरती उरली. 2016 च्या त्या रात्रीचें दृश्य आतां पुनः आठवलें म्हणजे कोणी कोणाची क्षमा मागावयास हवी होती, हा प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं.

नाकाइ 2020 च्या मार्चांत तेथून बाहेर पडला. एका स्त्रीच्या बाबतींतील त्याच्या वर्तनासंबंधीं गहजब उठल्यावर 2025 च्या जानेवारींत त्यानें कलाव्यवसायच सोडला. किमुरा मागेंच राहिला व नाटक-चित्रपटांतून काम करीत राहिला.

राहतां राहिला सहावा. 2017 च्या नोव्हेंबरांत ‘नवा नकाशा’च्या तिघांनीं इंटरनेटवर बहात्तर तासांचा अखंड कार्यक्रम केला, त्यांत ते शर्यतीच्या मैदानावर जाऊन मोरीस भेटले. एकवीस वर्षांनीं चौघे एकत्र पडद्यावर दिसले. 2020 च्या 3 नोव्हेंबर रोजीं कावागुचीच्या मैदानावर मोरीनें राष्ट्रीय अजिंक्यपदाची शर्यत जिंकली. दिलेलें वचन पुरें होण्यास चोवीस वर्षें लागलीं. त्यानंतर तीन महिने होण्याच्या आंतच, 2021 च्या जानेवारींत, दुसऱ्या एका शर्यतींत त्यास भयंकर अपघात झाला. कंबरेचें हाड मोडलें, पाठीच्या कण्यास इजा झाली. पुनः चालतां येईल कीं नाहीं याची शंका होती. दोन वर्षांहून अधिक काळ उपचार व व्यायाम चालले. 2023 च्या 6 एप्रिल रोजीं, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षीं, तो कावागुचीच्या मैदानावर पुनः त्या ब्रेक नसलेल्या गाडीवर बसला, आणि ती शर्यत त्यानें जिंकली.